रेंज संपते तिथली सायकलवाट

पुण्यात बसून फोनच्या नकाशावर ‘आंबेगाव’ शोधलं, तर बहुतेक वेळा कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक समोर येतं. आंबेगाव तालुका तिथून साठ-सत्तर किलोमीटर उत्तरेला. त्याचं मुख्यालय घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही नावांच्या गोंधळाची हीच तऱ्हा. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेलं घाटघर जुन्नरचं, पण त्याच नावाचं दुसरं घाटघर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या अंगाला आहे आणि जलविद्युत प्रकल्पामुळे ते जास्त प्रसिद्ध आहे. पिंपळगाव म्हणावं तर पिंपळगाव जोगे की पिंपळगाव तर्फे म्हाळुंगे, वडगाव म्हणावं तर आनंद, कांदळी की काशिंबेग, हे विचारल्याशिवाय इथला माणूस वाट सांगत नाही. यंत्र मात्र न विचारता एक पर्याय निवडतं आणि मोकळं होतं.

‘यंत्र आणि माणूस’ हा विषय संपादकांनी सुचवला, तेव्हा सायकलच्या हँडलवर बसवलेल्या त्या छोट्या जीपीएस डबीचा विचार करावासा वाटला. रविवारी पहाटे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या दिशेनं निघालेली सायकलस्वारांची टोळी पाहिली, तर जवळपास प्रत्येकाच्या हँडलवर काही ना काही चमकत असतं. कुणाकडे साठ-सत्तर हजारांचं यंत्र, कुणाकडे चार-पाच हजारांचं, कुणाकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. त्यांच्याच शेजारून शाळेत, शेतात किंवा बाजाराला निघालेली गावची सायकल जाते. तिच्या हँडलला फार तर डबा लटकलेला असतो. दोघेही एकाच रस्त्यावर आहेत. एकाला या यंत्राची गरज का वाटते, दुसऱ्याला का वाटत नाही, आणि पहिल्याला वाटणारी गरज कुठपर्यंत खरी आहे, हे जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर तपासता येतं. या दोन तालुक्यांच्या पूर्वेला हमरस्ता, ऊस आणि टोमॅटोचा बाजार आहे. पश्चिमेला चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये कोकणकडा येतो, रस्ता संपतो आणि त्याच्या आधी मोबाइलची रेंज संपलेली असते.

खोडदच्या तबकड्या आणि हँडलवरची डबी

या विषयातला सगळ्यात पक्का गैरसमज रेंजबद्दलचा आहे. ‘डिंभ्याच्या पुढे रेंज नाही, मग जीपीएस काय कामाचं?’ हा प्रश्न अनुभवी सायकलस्वारही विचारतात. जीपीएसला मोबाइलच्या टॉवरची गरज नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि जागा सतत सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून, ते पोचायला लागलेल्या वेळेच्या फरकावरून यंत्र स्वतःचं ठिकाण काढतं. ते फक्त ऐकतं, काहीही पाठवत नाही. हे नीट समजून घ्यायचं असेल तर नारायणगावहून खोडदचा रस्ता धरावा. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या तबकड्याही फक्त ऐकतात. उपग्रहाचा जमिनीवर पोचणारा संदेश अतिशय क्षीण असतो आणि दूरच्या दीर्घिकेचा त्याहून कित्येक पटींनी क्षीण. इतका, की जीपीएस उपग्रहांचे काही संदेश जीएमआरटी ज्या लहरींवर काम करते त्यांत मिसळतात आणि खगोलशास्त्रज्ञांना ते गाळून काढावे लागतात.

म्हणजे कोकणकड्याच्या काठी आहुप्याच्या टोकावर, जिथे फोन लागत नाही, तिथेही यंत्राला आपण कुठे आहोत हे कळतं. रेंज गेल्यावर अडतो तो नकाशा, कारण बहुतेकांच्या फोनमधला नकाशा तुकड्यातुकड्यानं इंटरनेटवरून येत असतो. निळा ठिपका हलत राहतो, पण त्याच्या भोवती नुसता करडा कागद उरतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला असेल तर अडचण येत नाही. सायकलसाठी बनवलेल्या, नकाशा दाखवणाऱ्या यंत्रांमध्ये तो आधीपासून साठवलेला असतो, आणि फोन सोडून अशा यंत्रावर पैसे घालण्याचं हे एक रास्त कारण आहे. दुसरं कारण पावसाचं. जुलैमध्ये भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरच्या पुढे धुकं आणि पाऊस एकत्र सुरू झाले की फोनचा पडदा थेंबांनाच बोट समजू लागतो. बटणांच्या यंत्राला हा त्रास होत नाही.

अचूकतेवर मात्र आंधळा विश्वास नको. मोकळ्या माळावर तीन ते पाच मीटरपर्यंतची चूक धरून चालावं. घाटात एका बाजूला कडा उभा असेल तर अर्धं आकाश झाकलं जातं, संदेश खडकावर आपटून उशिरा पोचतो आणि आपण दरीत चालतो आहोत असं यंत्र दाखवू लागतं.

यंत्र खरं कशासाठी लागतं

वाट शोधण्यासाठी जीपीएस लागतं, असं ते विकत घेणारे सांगतात. जुन्नर-आंबेगावपुरतं तरी हे पटत नाही. इथे वाट चुकायला रस्तेच कमी आहेत. मंचर-घोडेगाव-डिंभे-पोखरी घाट-तळेघर-भीमाशंकर हा एक रस्ता. राजगुरुनगर-वाड्याकडून येणारा दुसरा त्याला तळेघरला मिळतो. जुन्नरहून आपटाळे, तिथून एक रस्ता चावंडवरून घाटघर-नाणेघाटाला, दुसरा इंगळूणकडून आंबे-हातवीजला. फाटा चुकला तर पुढच्या वाडीत कळतं. शनिवार-रविवारी तेच तेच रस्ते घेणाऱ्यांना तर वळणं तोंडपाठ असतात. तरीही ते यंत्र सुरू करूनच पेडल मारतात, त्याअर्थी कारण दुसरं असलं पाहिजे.

ते कारण म्हणजे मोजमाप. ब्रेव्हे या प्रकारात ते सर्वांत स्पष्ट दिसतं. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार चालणाऱ्या या सायकलसफरीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत पुरे करायचे असतात. शर्यत कुणाशी नसते, घड्याळाशी असते. साडेतेरा तास म्हणजे चहा, पंक्चर, जेवण धरून ताशी पंधरा किलोमीटरहून थोडा कमी वेग. हे सोपं वाटतं, पण चढाला लागल्यावर वेग आठवर येतो आणि गणित बिघडतं. किती अंतर उरलं, त्यात चढ किती, पुढच्या तपासणी नाक्याची वेळ कधी संपते, या तीन आकड्यांसाठी सायकलस्वार यंत्राकडे पाहतो. पूर्वी नाक्यावर पोचल्याचा पुरावा म्हणून ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा आणि नाक्यावर माणूस नसेल तर गावातल्या एटीएमची पावती किंवा हॉटेलचं बिल जपून ठेवायचं, अशी रीत होती. आता जीपीएसची नोंदही ग्राह्य धरली जाऊ लागली आहे.

पण अंतर मोजायला उपग्रह कशाला, असा आक्षेप जुने सायकलस्वार घेतात आणि त्यात तथ्य आहे. पुढच्या चाकाच्या तारेला एक लोहचुंबक, फोर्कवर एक छोटा संवेदक. चुंबक समोरून गेला की एक फेरी मोजली जाते. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरचा घेर साधारण २,१३६ मिलिमीटर. टायरवर खडूची खूण करायची, स्वार बसलेला असताना चाक एक पूर्ण फेरी पुढे ढकलायचं, जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजायचं आणि तो आकडा भरायचा. एवढं केलं की ही जुनी पद्धत नागमोडी घाटात जीपीएसपेक्षा सरस ठरते. जीपीएस ठरावीक वेळानं ठिपके टाकतं आणि ते सरळ रेषेनं जोडतं. बॅटरी वाचवण्यासाठी ठिपके दूर दूर टाकले, तर पोखरी घाटातल्या प्रत्येक वळणाचा कोपरा कापला जातो आणि अंतर कमी भरतं. जाणकार म्हणूनच चाकाचा संवेदक आणि जीपीएस दोन्ही एकत्र ठेवतात.

उंचीच्या आकड्याबद्दल तर आणखी सावध राहायला हवं. चांगली यंत्रं हवेच्या दाबावरून उंची काढतात. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की यंत्र समजतं, साधारण आठ-नऊ मीटर चढलो. पावसाळी दिवसात दाब आपोआप बदलतो आणि जागेवर उभ्या सायकलचीही उंची वाढते. यंत्राच्या दाब मोजणाऱ्या सूक्ष्म छिद्रात पाणी गेलं तर आकडे पार भरकटतात. आधी आखलेल्या मार्गावर पुढचा चढ दाखवणारे आलेख बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानानं केलेल्या रडार मोजणीवर किंवा तशाच दुसऱ्या माहितीवर बेतलेले असतात. त्या मोजणीची जाळी तीस मीटरची. सपाटीवर ती पुरते. सह्याद्रीत तीस मीटरमध्ये रस्ता, त्याच्या वरचा कडा आणि खालची दरी तिन्ही मावतात, आणि रस्त्याच्या उंचीत कड्याची उंची मिसळते. मग जिथे सौम्य चढ आहे तिथे पडद्यावर भिंत उभी राहते. नवख्याचा धीर अशा वेळी नसलेल्या चढामुळेच खचतो.

नकाशाला आजचा दिवस माहीत नसतो

हे सगळे दोष अभ्यासानं सांभाळता येतात. ज्या दोषावर यंत्रात उपाय नाही तो वेगळाच आहे, आणि या लेखाचं म्हणणं त्याच्याभोवतीच फिरतं. रस्ता आहे की नाही हे नकाशा सांगतो; तो आज जाण्याजोगा आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

नाणेघाट घ्या. सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कोकणातली बंदरं जोडणारी ही वाट. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. माथ्यावरून खाली वैशाखरेकडे उतरणारी पायवाट नकाशावर अगदी थोडकी दिसते. सायकलनं रस्त्यानं कोकणात उतरायचं तर मात्र मागे फिरून मढ आणि माळशेज घाटाचा मोठा वळसा पडतो. मार्ग आखणाऱ्या ॲपला सर्वांत जवळची वाट हवी असते आणि पायवाट व सायकलवाट यांत ते पुष्कळदा गल्लत करतं. आहुप्याहून खोपिवलीला उतरणाऱ्या घाटाचंही तेच. पडद्यावरची रेषा सलग असते, प्रत्यक्षात ती सुट्या दगडांची, शेवाळलेली उतरण असते. सायकल खांद्यावर घेऊन तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

रस्त्याची आजची अवस्था कुणाला माहीत असते, याचं या भागातलं सर्वांत दुःखद उदाहरण माळीणचं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. जगाला ही बातमी पहिल्यांदा पोचली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वळणावर त्याला गाव दिसेना. आकाशात उपग्रह होते, नकाशांवर माळीण हे नाव जागच्या जागी होतं. पण काल काय होतं आणि आज काय नाही, हे रोज तिथून जाणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांना कळलं. आजही डिंभ्याच्या जलाशयाकाठचा रस्ता कुठे खचला, आडिवऱ्याच्या पुढे दरड आली का, ओढा पुलावरून वाहतो आहे का, याची खरी बातमी मुक्कामी एसटीचा चालक, दुधाची गाडी आणि वाडीतला दुकानदार यांच्याकडे असते. घोडेगावच्या स्थानकावर पाच मिनिटं थांबून विचारलं, तर ती फुकट मिळते.

सरकारी आदेशांचंही असंच आहे. जुलै २०२४ मध्ये पुणे जिल्हा प्रशासनानं पावसाळ्यातल्या अपघातांमुळे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले, त्यांत जुन्नर आणि आंबेगावही होते. हे आदेश कागदावर निघतात, वर्तमानपत्रात छापून येतात, पण हँडलवरच्या नकाशावर उमटत नाहीत. पुणे-नाशिक महामार्गावर गेल्या काही वर्षांत खेड घाट, मंचर, नारायणगावला बाह्यवळणं झाली. नकाशा अद्ययावत नसलेली यंत्रं तिथे सायकल शेतातून चालल्याचं दाखवतात. अद्ययावत यंत्र बाह्यवळणावरून नेतं, पण तिथे ना पाणी ना चहा, आणि शेजारून जड वाहनं सुसाट. सायकलस्वारासाठी गावातला जुना रस्ता किती तरी बरा. हा निर्णय यंत्रावर सोडण्यासारखा नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

‘विचारून जायचं तर यंत्र कशाला?’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की विचारायला माणूस दरवेळी नसतो. दुपारी वाड्या ओस असतात, माणसं भातखाचरात किंवा हिरडा गोळा करायला रानात असतात. अंधार पडायला किती वेळ आहे आणि हमरस्ता किती दूर आहे, हा हिशोब अशा वेळी यंत्रच चांगला करतं, आणि या भागात तो हिशोब गंभीर आहे. जुन्नर वनविभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर. इथल्या उसात बिबट्यांची कायमची वस्ती आहे आणि माणसांवरच्या हल्ल्यांनी गावं हादरलेली आहेत. तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं एकट्यानं सायकल चालवू नये, हे गावकरी कळकळीनं सांगतात. सूर्यास्ताची वेळ आणि उरलेलं अंतर एकाच पडद्यावर दिसत असेल, तर दोन वाजताच मागे फिरण्याचा शहाणपणा सुचतो.

‘यंत्रामुळे आनंद जातो, नजर आकड्यांवर खिळते’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. चढावर आकडे आधार देतात. उतारावर ते घातक ठरतात. ठरावीक टप्पा सर्वांत कमी वेळात कुणी पार केला याची यादी ठेवणारी ॲप आल्यापासून घाटउतारावर जीव धोक्यात घालणारे वाढले आहेत. माळशेजच्या धुक्यात किंवा भीमाशंकरच्या यात्रेच्या गर्दीत अशी चढाओढ करणं हा इतरांवरही अन्याय आहे. उतार लागताना पडदा बदलून फक्त नकाशा ठेवावा.

सुरक्षेसाठी आपलं ठिकाण घरच्यांना थेट दिसावं म्हणून कित्येक जण, विशेषतः एकट्यानं फिरणाऱ्या स्त्रिया, यंत्र वापरतात. कारण योग्यच आहे. पण ठिकाण कळवण्याचं काम फोनचं असतं, त्यामुळे रेंज गेली की घरच्यांना शेवटचा ठिपका दिसत राहतो. हे ठाऊक नसलेलं घर तासाभरात घाबरून जातं. म्हणून कोणत्या रस्त्यानं जाणार, रेंज कुठे जाणार, किती वाजता परत रेंजमध्ये येणार, हे आधी सांगून निघावं. परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं मागवण्याचा मोह होतो. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ती आपल्याकडे वापरता येत नाहीत, आणि ती बाळगणाऱ्यांवर विमानतळांवर कारवाई झालेली आहे.

नोंदीचं मोल

जीपीएसची सर्वांत मोठी देणगी सफर संपल्यावर कळते, ती म्हणजे नोंद. याचा या डोंगरातला दाखला सायकलस्वाराचा नसून बिबट्याचा आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीतून काढलेल्या बिबट्याच्या गळ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. ‘आजोबा’ या नावानं तो पुढे ओळखला गेला. रस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडत, कुणालाही इजा न करता तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत पोचला. ठिपक्यांची ती ओळ हाती आली नसती, तर बिबट्या माणसांच्या इतक्या जवळून, इतक्या शांतपणे जातो हे सिद्ध करणं अवघड होतं.

सायकलस्वारांच्या नोंदींनाही असं मोल येऊ शकतं. अनेक सायकल यंत्रांतले नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या प्रकल्पावर बेतलेले असतात आणि तो नकाशा लोकच काढतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांसंबंधीचे निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे भारतात हे काम पूर्वीपेक्षा मोकळेपणानं करता येतं. आंबे-हातवीजच्या रस्त्यावर कुठे डांबर संपून खडी लागते, कोणत्या फाट्यावर हातपंप आहे, आहुप्याचा घाट पायवाट आहे की रस्ता, हे तिथे जाऊन आलेल्यानं नकाशात भरलं, तर पुढचा स्वार फसणार नाही. उलट, ही माहिती एकाच थराची राहिली तर नकाशा एकांगी होतो. लोक कुठे सायकल चालवतात याचे जे चमकदार जागतिक नकाशे ॲप कंपन्या काढतात, त्यांत फक्त यंत्र असलेले दिसतात. २०१८ च्या जानेवारीत अशाच एका नकाशानं परदेशातले लष्करी तळ उघडे पाडले, कारण त्या ओसाड भागात यंत्र असलेले फक्त सैनिकच होते. आपल्याकडे त्याच कारणानं घोडेगावच्या शाळेला जाणारी मुलगी आणि नारायणगावच्या बाजाराला जाणारा मजूर त्या नकाशावर नाहीत. त्यांच्या रस्त्याला कडेची पट्टी हवी की नको, हे अशा नकाशावरून ठरू लागलं तर ते रस्ते रिकामे समजले जातील. नोंदी उघड करताना स्वतःच्या घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय मात्र प्रत्येकानं आवर्जून वापरावी.

तेव्हा जुन्नर-आंबेगावात यंत्र जरूर न्यावं. अंतर, वेळ, चढ आणि परतीचा हिशोब त्याच्याकडे सोपवावा. कोणत्या वाटेनं जायचं आणि कुठून मागे फिरायचं हे मात्र घोडेगावला, आपटाळ्याला, तळेघरला थांबून, तिथल्या माणसाला विचारून ठरवावं. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेला एक विनंती. बंद रस्ते, खचलेले पूल आणि पावसाळ्यातले मनाई आदेश नकाशावर टाकता येतील अशा खुल्या स्वरूपात रोज जाहीर करा. एसटीच्या चालकांकडून ही बातमी रोज आगारात पोचतेच. ती तिथून पुढे नेण्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागणार नाही.